तुकडे जोडलेल्या चाकातून हवा का गळते? त्यासाठी सीलंट कोणता निवडायचा?

टायरमध्ये खिळा नाही, व्हॉल्व्ह ठीक आहे, तरी दर दोन-तीन दिवसांनी हवा कमी होते. अशा वेळी पंक्चरवाला टायरची कड आणि रिमला गेलेला तडा शोधतो. पण चाक दोन किंवा तीन तुकडे बोल्टने जोडून बनवलेलं असेल, तर तपासण्यासारखी आणखी एक जागा असते, ती म्हणजे तुकड्यांचा सांधा. हवा धरून ठेवण्यासाठी या सांध्यावर सीलंट लावलेला असतो. तो चुकीचा निवडला किंवा घाईत लावला तर महागडं चाकही हवा सोडतं.

जुन्या गाड्या नव्याने उभ्या करणाऱ्यांमध्ये आणि रुंद मॅग व्हीलची हौस असणाऱ्यांमध्ये अशी चाकं दिसतात. बरीचशी वापरलेली, हात बदलत आलेली असतात. त्यामुळे आधीच्या मालकाने सांध्यात काय भरलंय हे नव्या मालकाला माहीत नसतं. जळगाव-धुळ्यासारख्या भागात उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, डांबर तापतं आणि टायरमधली हवाही. तिथे कोणता सीलंट टिकेल, हे नीट समजून घ्यायला हवं.

रिक्षाचं चाक पाहिलं की गोष्ट कळते

तुकड्यांचं चाक ही काही परदेशी चीज नाही. बजाजच्या चेतक स्कूटरचं चाक दोन पत्र्याच्या अर्ध्या भागांचं होतं. नट सोडले की दोन्ही भाग वेगळे होत आणि टायर हाताने निघे. तीनचाकी रिक्षांमध्येही अशीच दोन भागांची रिम वर्षानुवर्षं वापरात आहे. जळगाव किंवा धुळे बसस्थानकाबाहेरच्या कोणत्याही पंक्चरवाल्याला ती डोळे मिटून उघडता येते.

मग रिक्षाच्या चाकाला सीलंट का लागत नाही? कारण आत ट्यूब असते. हवा ट्यूबने धरलेली असते, रिमने फक्त टायरला आधार द्यायचा असतो. सांध्यात केसाएवढी फट असली तरी बिघडत नाही.

ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूबचं काम टायर आणि रिम मिळून करतात. एका तुकड्याच्या रिमला हे सोपं असतं, कारण धातूला कुठे सांधाच नसतो. रेसिंगसाठी मात्र तुकड्यांची चाकं सोयीची ठरली. रुंदी बदलायची असेल तर फक्त बाहेरचा भाग बदलायचा, ठोकर बसली तर वाकलेला तेवढाच तुकडा काढायचा. जर्मनीतल्या शिल्टाख गावी १९७० साली सुरू झालेल्या बीबीएस या कंपनीने तीन तुकड्यांच्या चाकांना मोठं नाव मिळवून दिलं. मधली चकती, आतली कड आणि बाहेरची कड असे तीन भाग, आणि गोलाकार ओळीत बसवलेले छोटे बोल्ट, ही त्यांची ओळख. हे चाक ट्यूबलेस टायरवर चालवायचं तर सांधा हवाबंद करावाच लागतो.

सीलंटचं काम नेमकं काय?

सीलंट चाक जोडून ठेवत नाही. ते काम बोल्टचं. सीलंट फक्त फट बुजवतो.

हा फरक महत्त्वाचा का, ते आकड्यांत पाहू. १५ इंची रिमवरच्या साध्या कारच्या टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल, तर टायरची एक बाजू रिमच्या कडेला बाहेर ढकलते तो जोर ढोबळ हिशेबाने दोन टनांच्या आसपास येतो. गाडी वळताना आणि खड्ड्यात आदळताना त्यात भर पडते. हा भार बोल्ट आणि घट्ट बसलेल्या धातूच्या पृष्ठभागांनी झेलायचा असतो. बोल्ट सैल असेल, धागे झिजले असतील किंवा कड वाकली असेल, तर जगातला कोणताही सीलंट ते चाक सुरक्षित करू शकत नाही.

म्हणूनच सीलंट लवचीक असावा लागतो. चाक फिरताना सांधा अगदी सूक्ष्म प्रमाणात सतत हलतो. कडक होणारा पदार्थ त्या हालचालीत तडकतो आणि गळती पुन्हा सुरू होते. घरात पाइप बुजवायला वापरतात ती एम-सीलसारखी इपॉक्सी लुकणी इथे चालत नाही, ती याच कारणामुळे.

एकाच नावाच्या दोन वस्तू

‘टायर सीलंट’ म्हणून बाटलीत मिळणारा पातळ द्रव वेगळा आणि सांध्याचा सीलंट वेगळा. बाजारात दोघांनाही एकच नाव असल्याने गोंधळ होतो.

बाटलीतला द्रव व्हॉल्व्हमधून आत सोडतात. चाक फिरलं की तो बाहेरच्या दिशेने फेकला जातो आणि टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाला आतून चिकटून बसतो. तिथे खिळ्याचं छोटं भोक पडलं तर ते बुजवतो. केंद्र सरकारने जुलै २०२०मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून, साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी वाहनांना टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती संच असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल, अशी मुभा दिली. त्या संचातला सीलंट हाच.

तुकड्यांच्या चाकाचा सांधा मात्र रिमवर, म्हणजे चाकाच्या मध्याकडे असतो. फिरणारा द्रव तिथून दूर फेकला जातो. त्यामुळे सांध्याची गळती थांबवण्यासाठी बाटली ओतणं हा उपाय नाही. उलट नंतर खरा सीलंट लावायच्या वेळी तो चिकट राडा धुऊन काढण्यात अर्धा दिवस जातो. थोडा जरी उरला तरी नवा सीलंट धातूला धरत नाही.

दुकानात काय मिळतं, आणि त्यातलं काय चालतं?

*न्यूट्रल क्युअर सिलिकॉन:* बहुतेक वेळा हीच योग्य निवड. वाळल्यावर रबरासारखं लवचीक राहतं, ॲल्युमिनियमला चांगलं धरतं, धातू गंजवत नाही आणि उष्णता सोसतं. साधारण प्रकार १५० अंशांपर्यंत, तर वाहनांसाठीचे प्रकार २०० अंश आणि त्याहून वर टिकतात.

*ॲसिटॉक्सी सिलिकॉन:* काच आणि बाथरूमच्या कामाचं स्वस्त सिलिकॉन बहुधा हेच. वाळताना त्यातून ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल बाहेर पडतं. ते धातूला लागलं की पृष्ठभाग खराब होऊ लागतो, आणि सीलंटच्या खालीच गंज धरला की पकड सुटते. मॅग्नेशियमच्या चाकाला तर ते अजिबात लावू नये.

*इंजिनाच्या गॅस्केटसाठीचं आरटीव्ही सिलिकॉन:* ऑटो पार्टसच्या दुकानात काळं, राखाडी, लाल अशा रंगांत मिळतं. यातले काही प्रकार न्यूट्रल असतात, काही ॲसिटॉक्सी. रंगावरून खात्री होत नाही, वेष्टनावरचा मजकूर वाचावा लागतो.

*पॉलियुरेथेन:* गाडीच्या काचा आणि पत्रे चिकटवायला उत्तम. पकड जबरदस्त असते, पण सतत सोसण्याची उष्णता साधारण ८० ते ९० अंशांपर्यंतच. ब्रेकजवळच्या भागासाठी ही मर्यादा तोकडी पडते. शिवाय पुढे चाक उघडायचं झालं तर खरवडून काढताना जीव जातो.

*ॲनेरोबिक सीलंट:* हा हवा न लागता, घट्ट दाबलेल्या दोन धातूंच्या मध्ये वाळतो. इंजिनाच्या काही भागांना योग्य. चाकाच्या सांध्यावर बाहेरून पट्टी ओढायची असते, तिथे त्याला हवा लागते आणि तो ओलाच राहतो.

काही चाकांत सीलंट नसतोच. सांध्यात खाच असते आणि तिच्यात रबरी ओ-रिंग बसते. अशा चाकात त्याच मापाची नवी ओ-रिंग टाकणं हा खरा उपाय. ओ-रिंगच्या जागी सिलिकॉन भरू नये.

वास ओळखा, तारीख वाचा

वेष्टन फाटलेलं असेल तर साधी परीक्षा अशी: कागदावर थोडं सिलिकॉन काढून ठेवावं. काही मिनिटांत व्हिनेगरचा झणझणीत वास आला तर ते ॲसिटॉक्सी. न्यूट्रल प्रकाराला तो वास नसतो. मात्र वास नाही म्हणजे धोका नाही असं नव्हे. न्यूट्रल प्रकारांतूनही वाळताना रसायनांची वाफ निघते. काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालूनच करावं.

दुसरी गोष्ट मुदतीची. सिलिकॉनची नळी थंड जागी ठेवायची असते. खानदेशातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन्‌महिने पडलेला माल मुदतीच्या आधीच बिघडू शकतो. नळीतून गुठळी निघाली किंवा पट्टी दुसऱ्या दिवशीही चिकट राहिली, तर तो माल टाकून द्यावा. दीड-दोनशे रुपये वाचवण्यासाठी चाक पणाला लावण्यात अर्थ नाही.

खानदेशचा उन्हाळा, पावसाळा आणि थंडी

आरटीव्ही सिलिकॉन उन्हाने वाळत नाही. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन ते पक्कं होतं. साधारण २३ ते २५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर २४ तासांत वरून दोन-तीन मिलिमीटर खोलीपर्यंत ते पक्कं होतं, असा ढोबळ हिशेब असतो. खानदेशात हे प्रमाण ऋतूनुसार बदलतं.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा कोरडीठाक असते. ‘ऊन कडक आहे, लवकर वाळेल’ असं वाटतं, पण आतला थर ओलाव्याअभावी कच्चा राहतो. उन्हात तापलेल्या रिमवर सिलिकॉन लावलं तर वर साय धरते आणि खाली अडकलेली हवा प्रसरण पावून फोड येतात. म्हणून या दिवसांत काम पहाटे किंवा संध्याकाळी, सावलीत, रिम हाताला गार लागत असताना करावं आणि एकाऐवजी दोन दिवस थांबावं.

पावसाळ्यात ओलावा भरपूर, त्यामुळे सिलिकॉन पक्कं लवकर होतं. अडचण वेगळी असते. धातूवर बाष्प बसलेलं असेल तर पकडच येत नाही. रिम कोरड्या कापडाने पुसून, थोडी कोमट करून मगच हात घालावा.

डिसेंबर-जानेवारीत धुळ्यात पारा एक आकडी होतो. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, तेव्हाही जास्त वेळ द्यावा लागतो.

हवामानाचा आणखी एक परिणाम लोकांना चकवतो. सकाळी २७ अंशांना भरलेली ३३ पीएसआय हवा, रस्त्यावर टायरच्या आतलं तापमान ६७ अंशांवर गेलं की साधारण ३९ होते. उलट जानेवारीत दुपारी ३० अंशांना ३३ भरली, तर पहाटे ८ अंशांना मीटर साडेएकोणतीस दाखवेल. यात गळती कुठेच नाही. म्हणून दाब नेहमी गाडी थंड असताना आणि रोज एकाच वेळी मोजून तुलना करावी. नाहीतर चांगल्या सांध्याला दोष देऊन चाक उगाच उघडलं जातं.

घाटाचाही विचार हवा. चाळीसगावकडे कन्नड घाट उतरताना किंवा धुळ्याजवळचा लळिंग घाट उतरताना ब्रेक सतत लागतात आणि त्यांची उष्णता रिमपर्यंत पोहोचते. वरून उन्हाळा. उष्णता सोसणारं सिलिकॉन निवडण्याचं हे मुख्य कारण.

सीलंट लावण्याची रीत

१. आधी हवा पूर्ण सोडावी. व्हॉल्व्हमधली पिन काढावी आणि टायर रिमवरून उतरवावा. टायरमध्ये हवा असताना जोडणीच्या बोल्टला पाना लावणं जीवघेणं ठरू शकतं. रिक्षाची रिम उघडणारे जुने कारागीर हा नियम कटाक्षाने पाळतात.

२. जुना सीलंट पूर्ण काढावा. नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनवर नीट चिकटत नाही. प्लास्टिकचा किंवा लाकडी खरवडा वापरावा. छिन्नीने ओरखडे पडतात आणि त्यांतूनच पुढे हवा निघते.

३. धातू आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ॲसिटोनने पुसावा. रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल नको, त्यांचा तेलकट थर मागे राहतो. रंगकाम करायचं असेल तर ते याआधी, कारण सिलिकॉनवर रंग बसत नाही.

४. तुकडे जोडून बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. किती जोर लावायचा हे चाकाच्या कंपनीने दिलेलं असतं आणि ते टॉर्क पान्यानेच साधतं. अंदाजाने आवळलेला एक बोल्ट जास्त ताणतो आणि शेजारचा सैल राहतो.

५. सीलंट शक्यतो दोन धातूंच्या मध्ये जाड थर देऊन भरू नये. मऊ थर मध्ये आला की बोल्टचा ताण हळूहळू उतरतो. तुकडे आवळून झाल्यावर, टायर जिथे बसतो त्या आतल्या बाजूने सांध्यावर सलग पट्टी ओढावी. हवेचा दाबच मग ती पट्टी सांध्यावर दाबून धरतो. बाहेरून लावलेली पट्टी हवा ढकलून सोडवते.

६. पट्टी तीन-चार मिलिमीटर जाड असावी आणि बोटाने दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर पसरवावी. सुरुवात आणि शेवट एकमेकांवर चढवावेत. फार जाड लावलं तर आतून वाळायला दिवस लागतात.

७. किमान २४ तास, कडक उन्हाळ्यात किंवा थंडीत ४८ तास चाकाला हात लावू नये. ‘संध्याकाळी गाडी पाहिजे’ ही घाई इथेच नडते.

८. टायर चढवताना यंत्राच्या टोकाने पट्टी कापली जाणार नाही याकडे लक्ष ठेवावं. कडेला टायर बसवण्याचा साबण लावावा, ग्रीस किंवा तेल नको.

गळती कशी तपासायची?

हवा भरल्यावर साबणाचं पाणी सांध्यावर, बोल्टच्या डोक्यांभोवती, व्हॉल्व्हच्या बुडाशी आणि टायरच्या दोन्ही कडांवर ओतावं. बुडबुडे कुठे येतात ते पाहावं. चाक पाण्याच्या हौदात बुडवून पाच मिनिटं थांबलं तर अगदी मंद गळतीही दिसते. बोल्टच्या डोक्याशी बुडबुडा दिसला, तरी हवा आतल्या पट्टीतून निसटून तिथे आलेली असते. बोल्टवर सिलिकॉन फासून भागत नाही.

त्यानंतर पहिले आठ दिवस रोज सकाळी दाब लिहून ठेवावा. आकडा स्थिर राहिला तरच महामार्गावर जावं. नव्याने जोडलेल्या चाकाचे बोल्ट थोडं चालवल्यावर तपासायला हवेत, पण तेही हवा सोडूनच.

ट्रकच्या चाकाशी गल्लत नको

सुरत–धुळे–जळगाव–नागपूर आणि मुंबई–आग्रा हे दोन मोठे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यावरच्या अनेक ट्रकना आजही लॉक रिंगची चाकं असतात. त्यांतही तुकडे असतात, पण बोल्टने जोडलेले नाहीत. रिंग खाचेत अडकलेली असते आणि हवेच्या दाबानेच जागेवर राहते. आत ट्यूब असल्याने तिला सीलंट लागत नाही. अशा चाकात कारपेक्षा तिपटीने जास्त दाब असतो आणि रिंग नीट न बसल्यास ती गोळीसारखी उडते. म्हणून ती लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरायची असते. सिलिकॉन लावून ट्रकची अशी रिम ट्यूबलेस करण्याचा प्रयोग कधीही करू नये.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. कारच्या चाकांच्या चाचण्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ९४३६ हे मानक आहे. बाहेरून आणलेली चाकं बसवण्याआधी माप, भारक्षमता आणि मानकाची खूण पाहावी आणि विमा कंपनीला बदल कळवावा. अपघातानंतर दावा अडकला तर चाकाची शोभा कामी येत नाही.

सीलंट कधी पुरत नाही?

कड वाकली आहे, बोल्टच्या भोकाभोवती तडा आहे, धागे गेलेत, सांध्याच्या पृष्ठभागावर खोल गंज आहे किंवा नीट लावलेली पट्टी दुसऱ्यांदा सुटली आहे, यांतलं एकही दिसलं तर सीलंट बदलत बसू नये, तो तुकडा बदलावा. तुकड्यांच्या चाकाचा मूळ फायदाच तो आहे. सुटा भाग मिळत नसेल तर ते चाक प्रदर्शनाच्या गाडीवर शोभेल, एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्यावर घरच्या माणसांना घेऊन जाताना नाही.

बाकी चाक धडधाकट असेल, तर न्यूट्रल सिलिकॉनची ताजी नळी, स्वच्छ धातू, टॉर्क पाना आणि दोन दिवसांची सबुरी एवढ्यावर काम होतं.